चाल कुणाची?

गेल्या फेब्रुवारीत दादा एक कॅसेट घेऊन घरी आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. सोलापूर रस्त्यावर, मांजरी फार्मच्या थांब्याजवळ, त्याची रसवंती आहे. रसवंती आजोबांनी सुरू केली, मग काकांनी चालवली, आता दादा चालवतो. कॅसेटवर निळ्या शाईत फक्त ‘सप्ताह’ असं लिहिलं होतं. अक्षर आजोबांचं.

‘‘यात अण्णांचा अभंग आहे,’’ दादा म्हणाला. ‘‘रेडिओवर जाहिरात करायचीय. वीस सेकंदांची. मागे अण्णांचा आवाज पाहिजे. तू इंजिनिअर आहेस, तेवढं करून दे.’’

आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे प्रिंटरपासून पासपोर्टपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. मी मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत कोड लिहितो, पण कॉलेजात असताना शॉर्टफिल्मांचं साउंड एडिटिंग केलं होतं. एका रविवारी जुना टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला, कॅसेट डिजिटल करून घेतली, खरखर कमी केली आणि वीस सेकंदांचा तुकडा कापला. टाळ, मृदंग, पेटी आणि वर आजोबांचा थोडा फाटलेला, पण भरदार आवाज. आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. तुकडा संपला तेव्हा ते काही न बोलता आत गेले. माझ्या मते जाहिरात तयार झाली होती.

रेडिओ केंद्राच्या जाहिरात विभागातल्या मुलाने फाइल ऐकली आणि एकच प्रश्न विचारला: ‘‘सर, म्युझिक कुणाचं?’’

‘‘माझ्या आजोबांचं.’’

‘‘आवाज आजोबांचा. चाल कुणाची?’’

त्याला जाहिरातदाराकडून एक हमीपत्र हवं होतं: यातल्या संगीताचे सगळे हक्क आमच्याकडे आहेत, उद्या कुणी दावा केला तर जबाबदारी आमची. सही दादा करणार होता. मी म्हटलं, उद्या पाठवतो. तो उद्या दोन महिन्यांनी उगवला.

पेटीमास्तर

आजोबांच्या भजनी मंडळातले एकच जण आता पेटी वाजवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत गेलं, आजूबाजूला बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या झाल्या, पण मास्तरांचं घर गावठाणात होतं तिथेच आहे. मी मोबाइलवर तुकडा लावला. त्यांनी डोळे मिटले, पहिली ओळ ऐकली आणि हसले.

‘‘अरे, ही चाल आमची कुठली? ही बाबूजींची. गीतरामायणातली. अण्णांनी शब्द तुकोबांचे बसवले आणि अंतरा जरा वाकवला. सगळी मंडळं हेच करायची.’’

मग त्यांनी पेटी काढली आणि दोन्ही वाजवून दाखवलं. पहिली ओळ तंतोतंत तीच. लहानपणापासून मी ही चाल आमच्या घराण्याची समजत होतो. कुणी विचारलं असतं तर पणजोबांपासून आली असं छातीठोक सांगितलं असतं.

आणि इथून मी जुन्या काळात शिरलो. कारण ही चाल आजोबांपर्यंत आली कशी, याचं उत्तर रेडिओ हेच होतं.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, तिथून गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचं, आणि ही मालिका व्हावी म्हणून मागे लागलेले केंद्रावरचे सीताकांत लाड. दर आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक मास आल्याने एकूण ५६ झाली. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. मांजरीत रेडिओ मोजकेच. रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टातून वार्षिक परवाना काढावा लागे, म्हणजे गाणं ऐकण्यासाठीही सरकारी कागद लागायचा. मास्तर सांगतात, ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर पोरं बसायची आणि चाल डोक्यात भरून घरी न्यायची. नोटेशन नाही, रेकॉर्ड नाही. आठवडाभर गुणगुणायचं, आणि पुढच्या एकादशीला त्यावर अभंग.

नावाचं भांडण

रेडिओ, गाणं आणि जाहिरात या तिघांचं आपल्याकडचं पहिलं मोठं भांडण मात्र त्याच्या तीन वर्षं आधीचं आहे. ते नावावरून झालं होतं.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम जितकं गाढ, तितकाच सिनेसंगीतावर राग. त्यांनी आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांना कात्री लावली आणि जी वाजायची त्यांच्याबद्दल एक नियम केला: गाणाऱ्याचं नाव सांगायचं, सिनेमाचं नाही. कारण सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात, आणि आकाशवाणीवर जाहिरातीला जागा नाही.

निर्मात्यांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. गाणी आमची, ती वाजवायची परवानगी आमची, आणि आमचंच नाव घ्यायचं नाही? त्यांनी परवानगी काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं.

मला या प्रसंगाची गंमत वाटते ती यासाठी, की आपण ‘केसकरांनी गाण्यांवर बंदी घातली’ एवढंच ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात शेवटचा घाव परवान्याचा होता. सरकार कितीही मोठं असलं तरी ज्याच्याकडे हक्क आहे त्याने नाही म्हटलं की गाणं वाजत नाही. दादाला समजावताना मी हेच उदाहरण दिलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे मंत्र्याचं नाही चाललं, तिथं माझं काय?’’

जी जागा दिल्लीने रिकामी केली ती कोलंबोने भरली. रेडिओ सिलोनवर जाहिराती चालत होत्या, गाणीही चालत होती. ३ डिसेंबर १९५२ रोजी बिनाका गीतमाला सुरू झाली. पैसे टूथपेस्टवाल्यांचे, आवाज अमीन सयानींचा. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप श्रीलंकेला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवर तो पुन्हा आपल्याच घरात यायचा. सयानींना सुरुवातीला आठवड्याला २५ रुपये मिळत. पहिल्याच भागानंतर नऊ हजार पत्रं आली.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. गीतमालेत गाणं टूथपेस्टच्या जाहिरातीत वापरलेलं नव्हतं. गाणं गाणंच होतं; टूथपेस्ट त्याच्या शेजारी उभी होती. शेजारी उभं राहणं आणि गाण्याच्या पाठीवर बसणं, हे कायद्यात दोन वेगळे व्यवहार आहेत. माझी सगळी अडचण या फरकात होती, पण मला ते कळायला वेळ लागला.

आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून श्रोते परत आणायला सुरुवात केली. जाहिरात मात्र आणखी दहा वर्षं नाही. चंदा समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, त्यात जाहिरातींची शिफारस होती. मग १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, प्रयोग म्हणून, फक्त तीन ठिकाणी: मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे देशातल्या सरकारी रेडिओवरच्या जाहिरातींचा श्रीगणेशा महाराष्ट्रात झाला, आणि आमचं मांजरी त्या पहिल्या दिवसापासून ऐकण्याच्या टप्प्यात होतं. मास्तरांना त्या जाहिराती आठवतात. ‘‘गाण्यांपेक्षा त्या लवकर पाठ व्हायच्या,’’ ते म्हणाले. ‘‘पण कुणी केल्यात, कधी कळलं नाही.’’

एका गाण्याचे तीन मालक

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला परवाने वाचायची सवय असते. आम्ही एखादी लायब्ररी वापरतो तेव्हा तिच्या पोटात आणखी चार असतात आणि प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. गाणंही तसंच थरांचं आहे.

पहिला थर शब्द. दुसरा चाल. तिसरा ध्वनिमुद्रण, म्हणजे अमुक दिवशी अमुक माणसांनी वाजवून-गाऊन केलेली ती विशिष्ट प्रत. २१ जानेवारी १९५८ पासून लागू झालेला आपला कॉपीराइट कायदा या तिन्हींना वेगवेगळं मोजतो. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. आधी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ संपताना सुटणार म्हणून तेव्हा कायदा बदलला आणि दहा वर्षं सगळ्यांनाच मिळाली.

हे गणित आजोबांच्या कॅसेटला लावून बघू. शब्द तुकोबांचे, ते कधीच कुणाच्या मालकीचे उरलेले नाहीत. चाल बाबूजींची, सुधीर फडके गेले २००२ मध्ये, म्हणजे चालीवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत जिवंत. मी तेव्हा निवृत्त झालेला असेन. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यामुळे गीतरामायणाचे मूळ शब्द २०३७ नंतर मोकळे होतील, पण चाल त्यानंतरही पंचवीस वर्षं बांधलेली. ध्वनिमुद्रण आमच्या काकांच्या टेपरेकॉर्डरवरचं. त्यात गाणारे-वाजवणारे सात जण, आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर कलावंतांनाही आपल्या सादरीकरणावर हक्क आहे.

‘‘पण आम्ही देवळात चाळीस वर्षं गातोय, कुणी हटकलं नाही,’’ बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. हटकलं नाही कारण हटकायचं कारण नव्हतं. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं म्हटलं किंवा वाजवलं तर तो हक्कभंग नाही, असं कलम ५२ स्पष्ट सांगतं. त्यात लग्नाची वरातही येते. सप्ताहातला अभंग म्हणून तो बिनबोभाट चालतो. तोच अभंग रसाच्या ग्लासमागे आला की मात्र व्यापार होतो.

‘‘म्हणजे आमच्या बापाचा आवाज आम्हालाच वापरता येत नाही,’’ बाबा म्हणाले. हे वाक्य मला दोन दिवस बोचत राहिलं. आवाज वापरता येतो, चाल नाही, हा फरक कायद्यासाठी सोपा आहे. मुलासाठी नाही. त्याच्या कानात दोन्ही एकच असतं.

रेडिओचा परवाना कुणाला पुरतो

ऑफिसातल्या मित्रांनी नेहमीचे सल्ले दिले. ते इथे एकदाच निकालात काढतो, कारण तुमच्याही एखाद्या ग्रुपवर ते फिरत असतील.

‘दहा सेकंदांपर्यंत चालतं.’ नाही. आपल्या कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही. ओळखू येण्याइतकी चाल घेतली की घेतली.

‘रेडिओवाले रॉयल्टी भरतातच की.’ भरतात, पण गाणं वाजवण्याची. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ३१डी रेडिओला ठरावीक रॉयल्टी भरून, आधी कळवून, गाणी प्रसारित करायची मुभा देतं. तेच कलम असंही सांगतं, की सोयीसाठी लहान करणं वगळता त्या कृतीत नवा फेरफार मालकाच्या संमतीशिवाय करायचा नाही. जाहिरात म्हणजे नवं ध्वनिमुद्रण. आणि आपल्या शब्दांचं किंवा चालीचं नवं ध्वनिमुद्रण करू देणं हा कलम १४ प्रमाणे कवी-संगीतकाराचा, किंवा त्यांच्याकडून हक्क घेतलेल्याचा, वेगळा अधिकार. म्हणून जाहिरातीसाठी चालीच्या मालकाची एक परवानगी आणि मूळ रेकॉर्ड वापरायची तर रेकॉर्ड कंपनीची दुसरी.

‘दुसऱ्याकडून गाऊन घे.’ त्याने फक्त तिसरा थर सुटतो. पहिले दोन तिथेच असतात.

‘नेटवरून रॉयल्टी-फ्री घे.’ घेता येतं, पण रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापराला पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढाच अर्थ. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत असेल तर अटीतली अक्षरं वाचा. व्यापारी वापराला मनाई असलेलं संगीत जाहिरातीत चालणार नाही, आणि बदलाला मनाई असलेल्यावर आपला आवाज चढवणंही धोक्याचं.

‘एआयकडून एखाद्या मोठ्या गायकाच्या आवाजात करून घे.’ हा सल्ला सगळ्यात धाकट्या सहकाऱ्याचा. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश देताना नेमकी हीच गोष्ट अडवली: परवानगीशिवाय त्याचा आवाज एआयने बनवून वापरणं. अमेरिकेत हा प्रश्न एआय नसतानाच येऊन गेला होता. फोर्ड मोटारीच्या जाहिरातीसाठी बेट मिडलर या गायिकेने नकार दिला, तेव्हा गाण्याची रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडून हुबेहूब तिच्यासारखं गाऊन घेतलं गेलं. १९८८ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की हेही चालणार नाही, आणि पुढे ज्यूरीने तिला चार लाख डॉलर दिले. गाण्याचे सगळे थर मोकळे करूनही आवाज हा आणखी एक थर उरतोच.

आणि ‘कोण बघतंय?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त कलम ६३ होतं: जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. हमीपत्रावर सही दादाची असणार होती, माझी नाही. दुसऱ्याच्या सहीवर धाडस करणं सोपं असतं, म्हणूनच ते करू नये.

मी एका रेकॉर्ड कंपनीला मेल केला. तीन आठवडे उत्तर नाही. मग आलं त्यात एक फॉर्म होता: ब्रँड कोणता, किती शहरं, किती महिने, वार्षिक उलाढाल किती. फॉर्म चुकीचा नव्हता. तो कुणा मोठ्या ब्रँडसाठी बनवलेला होता, ग्लासाला वीस रुपये घेणाऱ्या माणसासाठी नाही. आम्ही तो भरला नाही.

मोकळ्या चाली

मग मुदत संपलेल्या चालींकडे वळलो. याचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण टायटन घड्याळांचं. त्यांची ओळख झालेली धून मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली आहे. मोझार्ट १७९१ मध्ये गेला. चालीसाठी कुणाला विचारायची गरज नाही. फक्त वाजवून नवी घ्यायची, कारण दुसऱ्या कुणाचं ध्वनिमुद्रण उचललं तर तिसरा थर पुन्हा आडवा येतो.

मराठीत असा मोठा साठा आहे, आणि त्याकडे फार कुणाचं लक्ष नाही: नाट्यसंगीत. ‘संगीत मानापमान’ १९११ चं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. संगीत गोविंदराव टेंबे यांचं, ते १९५५ मध्ये. म्हणजे २००८ संपताना शब्द मोकळे झाले आणि २०१५ संपताना चाली. ‘स्वयंवर’चं संगीत भास्करबुवा बखल्यांचं, ते तर १९२२ मध्येच गेले. पण इथेही जपून. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ सिनेमा म्हणून आला, शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतासह. त्यातलं नवं ते नव्यांचं. मूळ चाल घ्यायची तर मूळच घ्यायची.

मी उत्साहाने दादाला एक पद ऐकवलं. त्याने शांतपणे पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, ‘‘मस्त आहे. पण मला रस विकायचाय, नाटकाचं तिकीट नाही.’’

त्याचं बरोबर होतं. संगीत कायदेशीर असलं म्हणजे योग्य असतं असं नाही. ही जाहिरात ऐकणार कोण? एप्रिलच्या दुपारी हडपसरच्या गर्दीत अडकलेला रिक्षावाला, कंपनीची कॅब, टेम्पो. बारका स्पीकर, बाहेर हॉर्न. तिथे खर्ज ऐकूच येत नाही. माणसाचं बोलणं कळायला जो मधला पट्टा लागतो, त्याच पट्ट्यात पेटीही बसते. दोघं एकदम आले की दोघंही हरवतात. म्हणून बोलणं चालू असताना मागे काहीतरी उंच, बारीक, तालात वाजणारं हवं, आणि चाल हवी तर ती बोलणं थांबल्यावर.

हे मी पांढऱ्या बोर्डावर काढून दाखवत होतो, रसवंतीत बसून. मागे चरक चालू होता. आणि चरकाच्या चाकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं. रसवंतीला घुंगरू का असतात? गिऱ्हाइकाला लांबून कळावं म्हणून. बैल लाकडी चरक फिरवायचे तेव्हाही असायचे, मोटार आली तेव्हाही कुणी काढले नाहीत. रेडिओच्या कितीतरी आधीची जाहिरात होती ती, आणि तिच्यावर कुणाचाही कॉपीराइट नव्हता. आम्ही त्याच आवाजात बसून आवाज शोधत होतो.

मास्तरांचा कागद

घुंगरू आमचे. उरली शेवटच्या पाच सेकंदांची चाल. ती मास्तरांनी केली. एका संध्याकाळी, चहा पिता पिता, घुंगरांच्या ठेक्यावर. मी तीनदा विचारलं, ‘‘ही कुणाची आठवत तर नाही ना?’’ चौथ्यांदा त्यांनी भाता मिटला. ‘‘साठ वर्षं दुसऱ्यांच्या वाजवल्यात. माझी कुठली आणि त्यांची कुठली, मला कळतं.’’

या पेटीचाही रेडिओशी जुना हिशेब आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, आपल्या संगीताला ती परकी म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती टिकली. मास्तर तरुण होते तेव्हा त्यांचं वाद्यच रेडिओवर चालत नव्हतं.

मग कागद केला. इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. माझी समजूत होती, पैसे दिले की चाल आपली. सिनेमाबाबत बराच काळ तसंच होतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या, म्हणजे कवी-संगीतकारांच्या संस्थेच्या, खटल्यात निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या सिनेसंगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्याआधी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी की नाही यावरून लताबाई आणि रफी यांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं होतं. कलावंतांची बाजू कायद्यात यायला २०१२ उजाडलं. त्या दुरुस्तीने कवी-संगीतकारांना असा हक्क दिला जो त्यांनी स्वतः ठरवलं तरी सोडता येत नाही: कृतीच्या पुढच्या वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा. तो वारसांना देता येतो, त्यांच्या संस्थेला देता येतो, बाकी कुणाला नाही.

रेडिओच्या जाहिरातीत तर सिनेमाच नसतो. ‘मागवणारा तो मालक’ हा नियम फोटो, चित्र, सिनेमा यांना लागतो. नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या चालीला नाही. म्हणजे मास्तरांची चाल मास्तरांचीच, आणि आम्हाला ती वापरायला लेखी आणि सही केलेला कागद हवा. कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारत. आम्ही सगळं लिहिलं: रेडिओ जाहिरात, पुणे जिल्हा, दोन उन्हाळे, पाच हजार रुपये, इतर कुठे वापरली तर निम्मा वाटा. एक पान. मास्तरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

मग विचारलं, ‘‘नाव सांगणार का रेडिओवर?’’

मी गप्प झालो. वीस सेकंदांत पत्ता, वेळ आणि आलं-लिंबू बसवतानाच नाकी नऊ आले होते. खरं तर गाणं वाजवताना कवी-संगीतकारांची आणि मुख्य कलावंतांची नावं सांगा, असं कलम ३१डी सांगतं; १९५२ चं भांडण साठ वर्षांनी असं कायद्यात येऊन बसलं. पण ते गाण्यासाठी. कलावंताला आपली ओळख सांगितली जावी असा हक्क देणाऱ्या ३८बी कलमात एक अपवाद आहे: वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तर ते सोडून. जाहिरात म्हणजे नेमकी तीच पद्धत. विकणाऱ्याचं नाव तीनदा, चाल करणाऱ्याचं एकदाही नाही. १९६७ पासून मास्तरांना पाठ असलेल्या सगळ्या जाहिरातींचं हेच झालं होतं, आणि आता त्यांच्या स्वतःच्या चालीचंही होणार होतं. कायद्याने ठीक होतं, पण मला ते त्यांना सांगवेना.

सांगितलं ते दादाने. ‘‘रेडिओवर नाही जमणार, मास्तर. पण माझ्या बोर्डावर जागा आहे.’’

जाहिरात एप्रिलमध्ये लागली. बाबांनी ती पहिल्यांदा रिक्षात ऐकली आणि मला फोन केला. अण्णांचा आवाज नव्हता त्याबद्दल काही बोलले नाहीत. ‘‘घुंगरू बरोबर आलेत,’’ एवढंच म्हणाले. आजोबांची कॅसेट मी सातही घरांना डिजिटल करून दिली. सप्ताहात ती वाजते, तिथे कुणाची हरकत नाही.

मास्तरांचं नाव मी या लेखात लिहिलेलं नाही. त्यांना इंटरनेटवर नाव नको आहे. तशी त्यांनी अट घातली, आणि मी ती कागदावर न लिहिताही पाळतो आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी मांजरी फार्मला उतरावं. रसवंतीच्या फळ्यावर, दरांच्या खाली, पिवळ्या रंगात लिहिलं आहे: ‘रेडिओवरची चाल’, आणि पुढे त्यांचं नाव.